मागच्या खुर्च्यांचं हसू

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते माझ्या दाजींचे. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे भावानं बहिणीच्या सासरी फार दिवस राहिलेलं बरं दिसत नाही, आणि जावयाच्या जिवावर शिकलेलं तर मुळीच नाही. तरी मी बारावी झालो तेव्हा दाजी आमच्या ओट्यावर बसून वडिलांना म्हणाले, "मामा, ह्याला माझ्याबरोबर चाकणला पाठवा. कॉलेज पिंपरीत आहे, बस दारावरून जाते. एक ताट जास्त वाढायचं, त्यात काय एवढं?" आईनं आत जाऊन माझे कपडे पिशवीत भरले.

खराबवाडीत त्यांच्या दोन खोल्या होत्या, भाड्याच्या. बाहेरची त्यांनी मला दिली. दाजी एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडून कामाला होते. माझी परीक्षा आली की ते सुपरवायझरकडून मागून रात्रपाळी घ्यायचे, म्हणजे संध्याकाळी घरात टीव्ही लागायचा नाही. दिवसा ते आतल्या खोलीत झोपायचे आणि मी चहाला उठलो तरी डोळे मिटूनच विचारायचे, "झालं का रे ते अकाउंट्स?" आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. निकालाच्या दिवशी दाजींनी लाइनवरच्या सगळ्यांना पेढे वाटले. उरलेला पुडा घरी आणला, तर त्याला सगळीकडून ग्रीस लागलेलं. ताई म्हणाली, "देवापुढं काय हा ठेवू?" आणि तोच ठेवला.

आज मी चिंचवडला एका कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी करतो आणि सांगवीत राहतो. दाजी त्यांच्या गावी असतात. ताई मुलांना घेऊन अजून त्याच खराबवाडीच्या खोल्यांत राहते. हे असं कशामुळे झालं ते आधी सांगितलं पाहिजे.

पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याला आकार देणारं मशीन. खालच्या साच्यावर पत्रा ठेवायचा, वरचा साचा वेगानं खाली येतो आणि पत्रा दाबतो. मध्ये हात राहू नये म्हणून त्याला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला. दोन्ही एकदम दाबली तरच साचा खाली येतो. एकट्या बटणानं काही होत नाही. एवढं मला तेव्हाही माहीत होतं. त्यापलीकडचं माहीत नव्हतं.

दाजींच्या उजव्या हाताची तीन बोटं त्या मशीनमध्ये गेली. पाळी नुकतीच सुरू झाली होती. चौकशीत त्यांच्या लॉकरमध्ये गांजाची पुडी मिळाली असं निघालं. तो लॉकर तिन्ही पाळ्यांचे कामगार वापरायचे, पण त्यावर नाव दाजींचं होतं. कामगार नशेत असल्यानं अपघात झाला, असा अहवाल आला.

दाजी गांजा ओढत नव्हते असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. गुरुवारी दुपारी ते लाइनवरच्या दोघातिघांबरोबर टेकडीवर जायचे आणि डोळे लाल करून, खूप भूक लागून परत यायचे. ताई त्यावरून भांडायची. मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला लावायची. ते हात ठेवायचे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा टेकडीवर जायचे. त्यामुळे अहवाल आला तेव्हा ताईनं कुणाला काही विचारलं नाही.

दवाखान्यात दाजी सारखं एकच बोलत होते. "मी नुसता डावा ठेवला होता. नुसता डावा." नर्सला सांगायचे, मला सांगायचे, ताईला सांगायचे. ताई म्हणाली, "अजून उतरली नाही ह्यांची." कंपनीच्या माणसानंही ते ऐकलं आणि मान हलवली. उजव्या हाताची बोटं गेलेला माणूस डाव्या हाताचं बोलतोय, म्हणजे काय समजायचं? मलाही अर्थ लागला नाही. औषधांच्या गुंगीत बोलत असतील असं मला वाटलं.

ठेकेदारानं काम बंद केलं. चाकणमध्ये हात गेलेल्या माणसाला काम देत नाहीत असं नाही, पण गांजा मारून हात घातलेल्याला देत नाहीत. दाजी घरी बसले. ताई एका कंपनीत पॅकिंगला लागली. तिचं त्यांच्याशी बोलणं तुटलं. भांडण नव्हतं, ती फक्त मुलांमार्फत बोलायची. "पप्पांना म्हणावं जेवा." एका सकाळी दाजी बॅग घेऊन मला भेटायला सांगवीला आले, चहा घेतला आणि म्हणाले, "आई एकटी असते गावाला. बघतो तिकडं." नंतर फोन केला की म्हणायचे, "बरंय," आणि ठेवायचे. पुढं पुढं उचलणंही बंद केलं.

वर्ष उलटल्यावर चाकणमध्ये एका सिनेमाचे बोर्ड लागले. सिनेमा म्हणजे मोबाइलवर आणि भाड्याच्या एका कॅमेऱ्यावर काढलेला. काढणारा मुलगा गावातलाच, जुन्या शेतकरी घरातला. त्यांच्या जमिनी कंपन्यांत गेल्या, उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या, आणि ताई त्याच खोल्यांत राहत होती. दिग्दर्शक तोच, हिरोही तोच. गांजा ओढणाऱ्या दोन कंत्राटी कामगारांची गंमत, असा विषय. गुरुवारी दुपारी मंगल कार्यालयात फुकट खेळ ठेवला होता आणि भाडेकरूंना घरोघर जाऊन निमंत्रण दिलं होतं. शेजारच्या बायका निघाल्या, ताईलाही म्हणाल्या, "चल गं, सुट्टी आहे, मुलंही बघतील." ताईनं मला फोन केला, "तूही ये, जेवायला थांब." तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा वाटला म्हणून मी गेलो.

मला पोचायला उशीर झाला, पण सिनेमा सुरू व्हायचा होता. खिडक्यांना मांडवाचं कापड लावून अंधार केला होता. स्टेजवर पडदा, आणि पडद्याच्या कडेनं नवरानवरीच्या मखमली खुर्चीचा सोनेरी हात दिसत होता. पुढं सोफ्यांवर गावातली मंडळी, त्यांच्या मागं बायका आणि मुलं. शेवटच्या बऱ्याच रांगा कामगारांच्या, मांडीवर हेल्मेट आणि डब्याची पिशवी घेऊन बसलेले. मी त्यांच्यात बसलो.

सिनेमा सुरू झाला तो एका खोलीतून. लगेच कुणीतरी ओरडलं, "आरं, ही तर आपली रूम हाय!"

"भाडं घेतलं का न्हाई शूटिंगचं?"

"त्योच मालक, त्योच हिरो. कुणाकडनं घ्यायचं?"

दोघं टेकडीवर बसून ओढायला लागले तेव्हा पुढच्या सोफ्यावरच्या एका म्हाताऱ्यांनी मोठ्यानं विचारलं, "बिडी एवढी जाड कशापायी?"

"बिडी न्हाई आप्पा, औषध हाय ते."

"कशावरचं?"

"थर्ड शिफ्टवरचं!"

सगळा हॉल हसला. आप्पाही हसले, त्यांना कितपत कळलं देव जाणे. पुढं ते दोघं धुंदीत चुकीच्या कंपनीच्या बसमध्ये बसतात, भलत्याच कंपनीत उतरतात, आणि कुणी काही विचारत नाही म्हणून तिथंच पाळीभर काम करतात. संध्याकाळी त्यांना उत्तम कामगार म्हणून बक्षीस मिळतं. त्या प्रसंगाला शिट्ट्या पडल्या. बायकांतली एक म्हणाली, "गाड्या सगळ्या पांढऱ्याच. आमचे हे बसले होते की एकदा, न पिता!" तेव्हा मी ताईला हसताना पाहिलं. पदर तोंडाशी धरून, खांदे हलवत ती हसत होती. मला वाटलं, चला, आलो ते बरं झालं.

मग प्रेस मशीनचा प्रसंग आला.

भोसरीतल्या कुठल्यातरी बंद वर्कशॉपमध्ये तो काढला असावा. हिरो मशीनपुढं डुलत उभा. एका हातात त्याची ती जाड बिडी. दोन बटणं दाबायला हात दोन, आणि एक तर बिडीत गुंतलेला. तो डोकं खाजवतो, विचार करतो, आणि खिशात हात घालून सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी बाहेर काढतो.

एवढंच. पट्टी फक्त बाहेर आली होती. त्यानं अजून काही केलं नव्हतं. पण माझ्या आजूबाजूच्या सगळ्या रांगा एकदम हसल्या. पुढं एकही माणूस हसला नाही. पुढचे मागं वळून बघायला लागले.

हिरोनं पट्टी उजव्या बटणावरून ताणली आणि गाठ मारली. बटण दाबलेलंच राहिलं.

"ढिली बांधतोय राव! घसरंल!"

"दोन वेढे घे, दोन!"

"नवीन आहे भावा तो, आजच जॉइन झालाय!"

"आमच्याकडं पट्टी नसते, वॉशर अडकवतात."

उजव्या हातात बिडी धरून हिरोनं डाव्या हातानं दुसरं बटण दाबलं, आणि साचा धाडकन खाली आला. डाव्या हातानं. नुसत्या डाव्या हातानं.

मी शेजारच्या माणसाला विचारलं, "एका बटणानं येतो का खाली?"

"एक बांधलं की येतो ना, साहेब. त्यासाठीच तर बांधतात. एक हात मोकळा राहतो, माल भराभर निघतो."

"गांजा पिऊन बांधतात?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "शुद्धीत, साहेब. शुद्धीत असल्याशिवाय गाठ बसत नाही."

दाजींची कामाची पद्धत मी त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकली होती. म्हणजे ते पट्टी बांधणाऱ्यांतले नव्हते. दोन्ही बटणं दाबूनच काम करायचे, म्हणून त्यांचा माल कमी निघायचा आणि त्यांना बोलणी बसायची. वेळ वाचवायला ते एकच करायचे. डावा हात बटणावरून काढायचेच नाहीत. डावा तिथंच ठेवून उजव्यानं पत्रा साच्यात बसवायचा, मग उजवा बाहेर काढून दुसरं बटण दाबायचं. एकट्या डाव्यानं काही होत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या दिवशी उजवं बटण आधीच्या पाळीनं बांधून ठेवलेलं असणार. ते त्यांनी पाहिलं नाही. उजव्यानं पत्रा साच्यात बसवता बसवता नेहमीसारखा डावा हात बटणावर ठेवला.

नुसता डावा ठेवला होता.

पडद्यावर हिरोचा हातमोजा साच्यात सापडून पापडासारखा चपटा झाला होता. तो घाबरून बोटं मोजायला लागला, धुंदीत चुकून सहा मोजली, आणि आनंदानं ओरडला, "एक बोनस मिळालं!" आता पुढचा अर्धा हॉल खदाखदा हसला. सोफ्यावरचे टाळ्या वाजवायला लागले. माझ्या आजूबाजूला कुणी हसेना. एका माणसानं मांडीवरच्या हेल्मेटमध्ये दोन्ही हात घातले आणि तसाच बसला.

पुढून आवाज आला, "ते नव्हतं का ते, गांजा मारून हात घातला ते!"

"व्हय, त्याच्यावरच काढलंय."

ताईच्या शेजारच्या बाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. ताई हलली नाही. बाहेर जायचं तर तिला सगळ्या हॉलमधून चालत जावं लागलं असतं. ती शेवटपर्यंत तिथंच बसली, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून.

सिनेमा संपल्यावर बाहेर चहा होता. दिग्दर्शक मुलाभोवती गर्दी होती. मी त्याला बाजूला घेतलं आणि बोटांचा प्रसंग काढून टाकायला सांगितलं.

"आवो, त्याला तर जास्त हसले लोक!" तो म्हणाला. "अन् सकाळीच इंटरनेटवर टाकला बी."

"तो माणूस माझा दाजी आहे. तुमच्याच खोलीत राहत होता."

त्याचा चेहरा उतरला. मुलगा वाईट नव्हता. "आमाला काय ठावं, दादा. समदं चाकण तसंच सांगतंय. ती पट्टी तर आमी गंमत म्हणून घातली, वर्कशॉपातच खिळ्याला टांगलेली गावली." थोडं थांबून म्हणाला, "पण आता काढता यायचं न्हाई. लय जणांनी पुढं पाठवलाय."

हेल्मेटमध्ये हात घालून बसलेला माणूस गाडीला किक मारत होता. मी त्याच्याकडे गेलो. ताई माझ्यामागं आली होती ते मला नंतर कळलं. मी दाजींच्या कंपनीचं नाव घेतलं तसं त्यानं गाडी बंद केली.

"त्या मशीनवर आता मी असतो," तो म्हणाला.

"ती पट्टी अजून असते?"

"ती नाही. नवीन आहे." मग ताईकडे बघून म्हणाला, "वहिनी, मशीन हातात घेतलं की मी आधी दोन्ही बटणं चाचपून बघतो. त्यांचं झाल्यापासून सगळेच बघतात. आमच्यात कुणी म्हणत नाही गांजा होता म्हणून."

ताई म्हणाली, "मग तेव्हा का नाही म्हणालात?"

"म्हणलो असतो तर पट्टी कोण बांधतं तेही सांगावं लागलं असतं."

"सुपरवायझरला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"त्याच्या ड्रॉवरमध्ये बंडल असतं पट्ट्यांचं."

"हे लेखी द्याल?"

माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे, खिशातल्या पेनाकडे त्यानं पाहिलं, जणू मी कुठून आलोय हे त्याला आत्ता दिसलं. "पोरं शिकतायत, साहेब," एवढं म्हणून त्यानं हेल्मेट घातलं. जाताना काच वर करून ताईला म्हणाला, "शुद्धीत होता तो, वहिनी. चहा पिऊन आलो होतो आम्ही बरोबर."

घरी आल्यावर ताईनं मुलांना खेळायला पाठवलं. मला म्हणाली, "नीट सांग. मला ते बटणाचं कळलं नाही." मी दोन वाट्या जमिनीवर उपड्या ठेवल्या, मध्ये ताट ठेवलं. ही डावीकडची, ही उजवीकडची, ही बांधलेली. ती समोर बसली. डावा हात वाटीवर ठेवला. उजवा ताटात नेला. बाहेर काढला. पुन्हा नेला. दुसऱ्या खेपेला तो ताटातच राहिला. ती त्याच्याकडे बघत बसली. मग ती म्हणाली, "मी म्हणाले होते, उतरली नाही म्हणून." आणि उठून वाट्या धुऊन जागेवर ठेवल्या. मला जेवायला वाढलं. स्वतः जेवली नाही.

पुढच्या आठवड्यात मी दाजींना हे पत्र पाठवलं. फोन त्यांनी घेतला नसता.

दाजी,

नमस्कार. तुम्ही फोन घेत नाही म्हणून लिहितो. तुमच्या आईंची तब्येत बरी असावी.

तुमच्याकडे एक सिनेमा येईल, बहुतेक आलाही असेल. गावातली पोरं तुम्हाला दाखवतील किंवा तुमच्यामागं बघून हसतील. त्यात एक प्रसंग तुमच्यावरून काढलाय. मोबाइलवर तो बघाल तेव्हा बोटांची गंमत तेवढी दिसेल. पण मी तो चाकणच्या लोकांत बसून पाहिला. त्या माणसानं खिशातून ट्यूबची पट्टी काढली, आणि ती बांधायच्या आधीच मागचे सगळे कामगार हसले. सगळ्यांना माहीत होतं तो काय करणार. ते हसू मोबाइलमध्ये ऐकू येत नाही, म्हणून तुम्हाला लिहून कळवतोय.

तुम्ही दवाखान्यात जे सांगत होता ते मला त्या दिवशी समजलं. उजवं बटण बांधलेलं होतं आणि तुम्ही नुसता डावा ठेवला होता. तुमचं सगळं बरोबर होतं. आता त्या मशीनवर असलेला माणूस भेटला. तुमच्याबरोबर चहा प्यायलेला. ओळखाल तुम्ही. त्यानं ताईसमोर सांगितलं, तुम्ही शुद्धीत होता.

लेखी कुणी देणार नाही. मी आणखी चौघांना विचारलं, चौघेही हो म्हणाले आणि कागद काढल्यावर नाही म्हणाले. त्यामुळे अहवाल आहे तसाच राहील आणि चाकणमध्ये लोक बोलायचे ते बोलतील. यात काही बदलेल असं मी तुम्हाला सांगत नाही. तुम्ही मला शिकवलंत, तुमच्याशी खोटं लिहिणार नाही.

ताईला मी वाट्या मांडून दाखवलं. तिला कळलं. तिच्याकडून तुम्हाला काही लिहू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाली. या म्हणून लिहू का, असंही विचारलं. त्यावर काही बोलली नाही. मुलांना शाळेला सुट्टी लागली की मी त्यांना घेऊन येईन, तेव्हा भेटाल ना?

पाकिटावरचा पत्ता मी लिहायला घेतला होता, तर तिनं पेन मागून घेतलं. तुमचं नाव तिनं लिहिलंय.

तुमचा मेहुणा